साठ हजारांची पुडी आणि घरचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



या वर्षात आपल्याकडे बरेच कार्यक्रम झाले. कुणी गाणी म्हटली, कुणी पंचवीस वर्षांपूर्वीची आठवण सांगितली, की इथे प्लॉट पाडले तेव्हा नुसती काळी माती आणि बाभळी होत्या आणि पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन यावं लागायचं. माझ्या वाट्याला आरोग्य हा विषय आला. तेव्हा आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. उभा जन्म बँकेत गेला, त्यातला बराचसा लातूर जिल्ह्यात आणि शेवटचा काळ इथे नांदेडला. म्हणून मी आज कोणतं औषध घ्यावं हे सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. डॉक्टरांनी जे लिहून दिलंय ते घरी आल्यावर आपण कसं घेतो, एवढंच बोलणार आहे. त्यातही एकच औषध घेतलंय, व्हिटॅमिन डी.

हाच विषय का? मागे एकदा संध्याकाळी कट्ट्यावर मी सहज विचारलं, डी ची पुडी किंवा कॅप्सूल कोण कोण घेतं? जवळपास सगळ्यांचे हात वर. मग विचारलं, किती युनिटची? निम्मे हात खाली. किती आठवडे घ्यायला सांगितलीय आणि कधी बंद करायची? एकही हात वर राहिला नाही. एक काका म्हणाले, "बंद कशाला करायची? व्हिटॅमिन आहे ना!" सगळे हसले. मीही हसलो, पण घरी गेल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

आता पहिली शंका कुणाच्याही मनात येते. मराठवाड्यात राहून उन्हाच्या व्हिटॅमिनची कमतरता? मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, आणि आपल्या रिपोर्टात डी बारा नि चौदा! पण कारण सरळ आहे. कातडीत डी तयार करणारे किरण उन्हात दुपारच्या सुमाराला भरपूर असतात, सकाळच्या कोवळ्या उन्हात फार कमी. आणि दुपारी आपण काय करतो? पडदे ओढून कूलरसमोर बसतो. बाहेर पडलोच तर डोक्याला रुमाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मुली स्कूटीवर निघतात त्यांचे फक्त डोळे दिसतात. खिडकीच्या काचेतून ऊन अंगावर आलं तरी उपयोग नाही, काच ते किरण अडवते. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. वय वाढलं की कातडीची ती ताकदही कमी होते. पुण्यात चाळीस ते साठ वयाच्या पुरुषांवर अभ्यास झाला, त्यात दिसलं की डी कमतरतेच्या रेषेवर राहायला रोज दुपारच्या उन्हात तासाहून अधिक वावर लागतो. लातूर-नांदेडच्या मे महिन्यात सत्तरीच्या माणसाने हा प्रयोग करू नये, उन्हाने दुसरंच काही होईल. खाण्यातून म्हणाल तर ज्वारीची भाकरी, वरण, भाजी यात डी जवळजवळ नाही. अंड्याच्या बलकात थोडं, माशात असतं, आणि हल्ली दुधाच्या नि तेलाच्या पिशवीवर अधिकचं चिन्ह आणि एफ अक्षर असेल तर त्यात घातलेलं असतं.

म्हणजे कमतरता खरी आहे. हाडं ठिसूळ आणि मऊ होतात, मांड्यांत बळ राहत नाही, पाटावरून उठताना हात टेकावा लागतो. अशा माणसाला डॉक्टरांनी पुडी दिली तर ती घ्यायलाच हवी. माझं बोलणं ऐकून उद्या कुणी औषध बंद केलं तर तो माझ्या भाषणाचा गैरवापर समजेन.

आता हिशेबाकडे येतो. साधारण प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरतात, सत्तरीनंतर ८००. आपल्याला मिळते ती पुडी ६०,००० युनिटची. भागाकार करा. ६०० ने भागलं तर १०० दिवस. एका पुडीत शंभर दिवसांची गरज भरलेली आहे! कमतरता असलेल्या माणसाचं खातं रिकामं असतं, म्हणून डॉक्टर सुरुवातीला आठवड्याला एक अशा बहुधा आठ पुड्या देतात, मग महिन्याला एक किंवा रोजची छोटी गोळी. आठ पुड्या म्हणजे ४,८०,००० युनिट, तेही दोन महिन्यांत पसरून. हे ठरवलेलं कर्जवाटप आहे, त्याला मुदत आहे. पण हीच पुडी कुणी आठवड्याऐवजी रोज घेतली तर? साठ दिवसांत ३६ लाख युनिट. सांगितल्याच्या साडेसातपट.

कुणी म्हणेल, असं कोण करतं? करतात. लातूरला माझे एक जुने सहकारी आहेत, अंबाजोगाई रोडच्या बाजूला राहतात. नाव सांगत नाही, पण ही हकीकत सांगायला त्यांची परवानगी आहे. बँकेत त्यांच्या कॅशमध्ये कधी रुपयाचा फरक निघाला नाही, असा चोख माणूस. कंबर दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. चिठ्ठीवर दोन औषधं होती, डी ची कॅप्सूल आठवड्यातून एक आणि कॅल्शियमची गोळी रोज रात्री एक. मेडिकलवर घाईत दोन्ही पट्ट्यांची पाकिटं उलटी झाली. "रोज रात्री" लिहिलेल्या पाकिटात कॅप्सूल गेली. चिठ्ठी घरी फाइलला लागली, ती परत कुणी वाचली नाही. चारची पट्टी चार दिवसांत संपायची. मग रिकामी पट्टी दाखवून नवीन आणायची. मेडिकलवाल्याने दिली, कारण गिऱ्हाईक ओळखीचं, आणि औषध काय तर व्हिटॅमिन. असे दोन महिने गेले.

एप्रिल उजाडला. भूक गेली. तोंड कोरडं, सारखी तहान, रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं. पोट साफ होईना. मग उलट्या. आता तुम्हीच सांगा, लातूरच्या एप्रिलमध्ये एवढ्या तक्रारी ऐकून आपण काय म्हणू? "ऊन लागलं." सगळ्यांनी तेच म्हटलं. पन्हं झालं, ताक झालं, ओआरएस झालं. जवळच्या दवाखान्यात दोन सलाईन लावल्या, दोन दिवस बरं वाटलं. पुन्हा तेच. पुढे ते बोलता बोलता अडखळायला लागले, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागले. घरच्यांना वाटलं, डोक्यात काही झालं. तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगितली, आणि रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ते खूप वाढलेलं होतं, किडनीवर ताण आला होता. डी चा आकडा तर मशीनच्या मापापलीकडे. पुढचे काही महिने कॅल्शियम पुन्हा पुन्हा तपासत राहावं लागलं. आज ते हिंडते-फिरते आहेत, पण किडनी पहिल्यासारखी झाली नाही असं डॉक्टर सांगतात.

एवढ्या लांब का खेचलं, याचं कारण समजून घेऊ. बी आणि सी ही व्हिटॅमिनं पाण्यात विरघळतात, जास्त झाली तर बहुतेक लघवीवाटे जातात. ते चालू खातं आहे, आलं तसं गेलं. डी तुपात-तेलात विरघळणारं आहे, शरीराच्या चरबीत साठून राहतं. फिक्स्ड डिपॉझिटच म्हणा, आणि तेही मुदतीआधी मोडता न येणारं. औषध थांबवलं तरी साठा हळूहळू सुटत राहतो. आणि डी चं काम काय, तर आतड्यातून कॅल्शियम ओढून घेणं. डी फार झालं की ते गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम रक्तात आणतं. तहान, उलट्या, गोंधळ हा सगळा त्या कॅल्शियमचा प्रताप. फार काळ राहिलं तर मुतखडा होतो, किडनी खराब होते. आणि आपल्या भागात पाणी जड, घाम भरपूर, मुतखडा तर घरोघर. त्यात ही भर नको.

हे फक्त लातुरात घडलं असं नाही. काश्मीरमध्ये डी ची कमतरता सर्रास आहे. तिथे श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर संस्थेतील डॉक्टरांनी २०११ मध्ये डी जास्त झाल्यामुळे आजारी पडलेल्या दहा प्रौढ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. जिथे कमतरता जास्त तिथे औषध जास्त, आणि जिथे औषध जास्त तिथे चूकही जास्त. ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास तर मला फार बोलका वाटतो. सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ बायकांवर तो झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट, निम्म्यांना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी. हाडं मजबूत होतील अशी अपेक्षा होती. झालं उलटं. डी घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. हे वाचल्यापासून गुडघेदुखीवर "एक ताकदीचं इंजेक्शन मारा" म्हणणाऱ्या मंडळींना मी विचारतो, त्या सुईत किती युनिट आहेत ते माहीत आहे का? आपल्याकडे ६ लाख युनिटचं इंजेक्शन मिळतं. एका सुईत दहा पुड्या! ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण ते घेतलंय हे पुढच्या डॉक्टरला सांगणं आपलं काम.

आणि खरी अडचण इथेच आहे. आपण एका डॉक्टरकडे जात नाही. बीपी-शुगरचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे, बाईंचे वेगळे. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये तर एका सकाळी तिघांकडे जाऊन येता येतं. एकाने पुडी दिली, दुसऱ्याने सुई दिली, तिसऱ्याने कॅल्शियमची गोळी दिली आणि तिच्यातही डी होतं. एकाच खात्यात तीन शाखांतून पैसे जमा होताहेत आणि पासबुक कुणीच भरत नाही, असा हा प्रकार. कॅल्शियमच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरं असतात, ती नातवाकडून वाचून घ्या. काही गोळ्यांत साधं डी-थ्री असतं, काहींत कॅल्सिट्रिऑल. हे कॅल्सिट्रिऑल म्हणजे शरीराने तयार करायचं शेवटचं, तयार रूप. ते मायक्रोग्रॅमच्या पाव भागातही काम करतं, आणि नेहमीच्या डी च्या तपासणीत दिसत नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आणि कॅल्शियम वाढलेलं, असं होऊ शकतं. वैद्यांकडून प्रवाळ भस्म किंवा शंख भस्म चालू असेल तर तेही कॅल्शियमच आहे, ते डॉक्टरांपासून लपवू नये. आपल्याकडे आयुर्वेदिक औषध सांगायला लोक उगाच लाजतात.

बीपीच्या गोळीचंही बघा. तिच्या नावापुढे एच अक्षर असेल तर बहुधा तिच्यात लघवी वाढवणारं एक औषध असतं, ते कॅल्शियम शरीरात धरून ठेवतं. माझ्या त्या सहकाऱ्यांना नेमकी तीच गोळी चालू होती. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर कॅल्शियम वाढणं जास्तच धोक्याचं. किडनीचा आजार, पूर्वीचा मुतखडा, टीबी, यातलं काही असेल तर पुडी सुरू होण्याआधी ते बोलून दाखवा. डॉक्टरांच्या खोलीत आपण दोन मिनिटं बसतो आणि त्यातली दीड मिनिटं गुडघ्याचं वर्णन करण्यात घालवतो.

मग घरी करायचं काय? मी आमच्या घरी एक साधी पद्धत लावलीय. डॉक्टरांसमोरच वार ठरवून घ्यायचा आणि चिठ्ठीवर लिहून मागायचा. "आठवड्यातून एक" नको, "दर रविवारी" हवं. एकूण किती, तेही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ रविवारांना गोल करायचे आणि शेवटच्या गोलाशेजारी "बंद" असं लाल शाईने लिहायचं. घेतली की गोलावर फुली. रविवारी विसरलो तर आठवेल तेव्हा एक घ्यायची, पण भरपाई म्हणून दोन एकदम नाही. आठच सांगितल्या असतील तर आठच आणायच्या, आणि रिकामी पट्टी दाखवून नवीन आणायची नाही. पुढची हवी असेल तर पुढची चिठ्ठी लागेल. पुडी जेवणानंतर घ्यावी, वरणभातावर तूप असेल तर उत्तम, कारण ते तुपातच मुरणारं औषध आहे. उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर घेऊन त्याचा पुरता फायदा होत नाही.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना एक खास सूचना. मुलगा दिवाळीला येताना मोठी बाटली आणतो, प्रेमाने आणतो. त्यावर कधी युनिट लिहिलेलं असतं, कधी मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. २५ मायक्रोग्रॅमची गोळी दिसायला किरकोळ वाटते, ती १,००० युनिटची असते. रोज ५,००० युनिटवाल्या बाटल्याही तिकडे सहज मिळतात. ती बाटली आणि इथली पुडी दोन्ही चालू ठेवणारे लोक मी पाहिलेत, "अमेरिकेची आहे, चांगलीच असणार" म्हणत. परदेशात काही ठिकाणी रिपोर्टातला आकडाही वेगळ्या मापात असतो. त्या मापातले ५० म्हणजे आपले २०. अशा ठिकाणाहून मुलगी फोनवर म्हणाली "माझं पन्नास आलंय", तर आपण आपल्या वीसशी तुलना करून हळहळू नये, दोघी सारख्याच आहेत.

आणि तान्ही बाळं. पहिल्या वर्षात बाळाला रोज ४०० युनिट देतात, थेंबांच्या रूपात. पण बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० वालेही थेंब आहेत आणि ८०० वालेही. कंपनी बदलली की आजीने जुन्याच मापाने भरू नये, बाटली वाचावी. आणि मोठ्यांची ६०,००० ची ती छोटी बाटली दिसायला बाळाच्या औषधासारखीच असते, ती बाळाच्या सामानात ठेवूच नका. सुनेला आणि आजीला, दोघींनाही हे माहीत हवं, म्हणजे दोघी एकाच दिवशी वेगवेगळं देणार नाहीत.

तपासणीबद्दल थोडक्यात. पॅकेजमध्ये स्वस्त मिळते म्हणून दर महिन्याला डी तपासून काही साधत नाही, औषधाचा परिणाम स्थिर व्हायला तीनेक महिने लागतात. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये तर असं सुचवलं की धडधाकट माणसाची ही तपासणी सरसकट करूच नये, आणि पन्नाशीनंतर डी द्यायचंच तर मोठ्या मात्रेऐवजी रोजची छोटी मात्रा बरी. आपल्या डॉक्टरांशी हे बोलायला हरकत नाही. आणि प्रत्येक हाडदुखी डी ची नसते. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानेही हाडं-सांधे दुखतात. गावाकडून आलेल्या नातेवाइकांना नुसती पुडी देऊन मोकळे होऊ नका.

भाषण संपल्यावर तीन प्रश्न आले, ते समितीच्या सांगण्यावरून इथे देतो.

एका ताईंनी विचारलं, पुडी दुधातून घ्यावी की पाण्यातून? पाकिटावर आणि चिठ्ठीवर जसं असेल तसं. दूध चालत असेल तर मलईसकट घ्या, तेवढंच तूप पोटात जातं.

एका काकांनी विचारलं, चुकून आठवडाभर रोज घेतली गेली तर? घाबरू नका, पण पुडी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ते कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासतील. उलट्या, फार तहान, बोलण्यात गोंधळ असेल तर फोनवर थांबू नका, गाडी काढा, आणि जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घ्या. चिठ्ठ्यांपेक्षा पिशवी जास्त खरं बोलते.

तिसरा प्रश्न आमच्याच घरून आला, की कपाटात मागच्या वर्षीच्या तीन पुड्या उरल्यात, त्या शेजारच्या काकूंना देऊ का? त्यांनाही कंबरदुखी आहे. नाही द्यायच्या. काकूंना मुतखडा आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, आणि बीपीची कोणती गोळी चालू आहे तेही नाही. त्या तीन पुड्या मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवल्या. एकीची तारीख संपली होती, ती टाकली. उरलेल्या दोन कधी घ्यायच्या ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि मी कॅलेंडरवर दोन गोल केले, एक या महिन्यात आणि एक पुढच्या.